शाळा अंगणात गेली तेव्हा
शिक्षकाला दुसऱ्याच्या जागेवरून पाहायला शिकवण्याचा एक प्रयोग

फुल्यांचा आक्षेप

जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या लेखी निवेदनावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. उच्च शिक्षणावरचा खर्च आणि प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा यांबद्दल त्यांनी त्यात सरकारला जो जाब विचारला, तो आपल्याकडे पुष्कळदा उद्धृत होतो. त्याच निवेदनात गावच्या शाळेतला मास्तर कोण असावा, याविषयीही एक मजकूर आहे. त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली.

फुल्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत. त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, बाकीचे कसलेही प्रशिक्षण नसलेले. पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो. हा मास्तर शेतकऱ्याच्या मुलांपासून आणि त्यांच्या आईबापांपासून अंतर राखून राहतो. त्यांना काय हवे, कशाची अडचण आहे, हे त्याला उमगत नाही. म्हणून शिक्षक शक्यतो शेती करणाऱ्या वर्गातूनच तयार करावेत. ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि वेळ पडल्यास नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वाकसाला हात घालायला लाजणार नाहीत. अशा शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये पगार द्यावा, अशीही मागणी त्यांनी केली.

स्वतः शाळा काढून चालवलेल्या माणसाचा हा अनुभवाचा निष्कर्ष होता. जातीच्या प्रतिनिधित्वाचा मुद्दा त्यात आहेच, पण त्याखाली अध्यापनाविषयीचा एक मूलभूत विचारही आहे. मास्तरला काय येते यापेक्षा त्याला काय दिसते, हा प्रश्न फुल्यांनी पुढे आणला. शेतकऱ्याचे पोर सुगीच्या दिवसांत शाळेत का येत नाही, हे ज्याला दिसतच नाही, तो व्याकरणात कितीही तयार असला तरी त्या पोराचा शिक्षक होऊ शकत नाही.

यातून पुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जो त्या घरात जन्मला नाही, त्याला ती नजर प्रशिक्षणाने देता येते का? मराठी मुलखात या प्रश्नाला प्रत्यक्ष कामातून दिलेले सर्वांत गंभीर उत्तर बोर्डी आणि कोसबाडचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम ‘बालशिक्षण’ या सदराखाली नोंदले गेले, ते योग्यच आहे. पण त्या कामाचा निम्मा भाग शिक्षक घडवण्याचा होता. प्रस्तुत लेखात त्याच बाजूने त्याकडे पाहायचे आहे.

‘ट्रेन्ड’ मास्तरची नजर

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शिक्षक-प्रशिक्षणाची जी घडी बसली, तिचा रोख विषयज्ञान आणि वर्गाची शिस्त यांवर होता. १८६०नंतरच्या दशकात इलाख्याचे शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या कारकिर्दीत परीक्षेच्या निकालावर शाळांचे अनुदान ठरवण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि उत्तीर्णांच्या संख्येवर पैसे मिळणार! अशा व्यवस्थेत मास्तरची नजर कुठे लागेल, हे सांगायला नको. गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजात ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही, असे फुल्यांनी त्याच निवेदनात बजावले होते.

प्रशिक्षणाच्या या परंपरेत मूल हे शिकवण्याचे ‘कर्म’ होते. क्रियेचा कर्ता मास्तरच. मुलाकडून पाहिले तर वर्ग कसा दिसतो, हा प्रश्नच अभ्यासक्रमाच्या कक्षेत नव्हता. तो प्रश्न आपल्या भागात ठळकपणे आला विसाव्या शतकात, आणि आला तो भावनगरच्या वाटेने.

भावनगर ते दादर

गिजुभाई बधेका हे वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गृहस्थ. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२०मध्ये बालमंदिर सुरू केले आणि १९२५मध्ये शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर. त्यांच्यावर मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांचा खोल ठसा होता. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत शिक्षकाचे पहिले काम निरीक्षणाचे. मुलाच्या कामात लुडबूड न करता, ते काय करते आहे आणि का करते आहे, हे आधी पाहायचे. खुर्च्या, टेबले, कपाटे मुलाच्या उंचीची. खोलीकडे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहिल्याशिवाय ती मांडताच येत नाही.

ताराबाई मोडक १९२३मध्ये गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. त्यांचा जन्म १८९२चा, घर प्रार्थनासमाजी वळणाचे, शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पदवीपर्यंतचे. भावनगरला येण्यापूर्वी त्या राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. जुन्या पद्धतीचे शिक्षक-प्रशिक्षण त्यांनी आतून पाहिले होते, ही नोंद महत्त्वाची. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीबरोबर मराठीतूनही निघू लागली. १९३६मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि तिथे बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही चालू लागले.

दादरच्या या कामाची योग्यता मोठी आहे. मराठी मध्यमवर्गाला ‘मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे’ हे समजावण्यात त्याचा वाटा आहे. पण त्याला एक मर्यादा होती, आणि ती पुढे ताराबाईंनी स्वतःच ओलांडली. शिशुविहारातल्या शिक्षिकेला मुलाच्या नजरेने पाहायला शिकवले जात होते. ते मूल मात्र बरेचसे शिक्षिकेच्याच घरासारख्या घरातले होते. त्याची भाषा तिची, त्याचा डबा तिच्या ओळखीचा, त्याच्या आईची काळजीही तिला ठाऊक. ओलांडायचे अंतर होते ते वयाचे.

गंमत अशी की मॉन्टेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते. हिंदुस्थानात येईपर्यंत ती पद्धत सुखवस्तूंची झाली. गांधीजी १९३१मध्ये लंडनला मॉन्टेसरी प्रशिक्षणार्थींसमोर बोलले, तेव्हा असे शिक्षण श्रीमंतांबरोबर दरिद्री मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. जानेवारी १९४५मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमची व्याप्ती शाळापूर्व वयापर्यंत वाढवण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते.

त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. जन्म १९१०चा, मोरगावचा. बालपणीच लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. शिक्षिकेची परीक्षा देऊन त्यांनी पुण्याच्या हुजूरपागेत तेरा वर्षे शिकवले होते. १९४५मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि अनुताई पुण्याची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. फुल्यांनी ज्या पांढरपेशा वर्गाच्या नजरेवर शंका घेतली, त्याच वर्गातल्या या दोन स्त्रिया. म्हणूनच त्यांचा प्रयोग फुल्यांच्या प्रश्नाची कसोटी ठरतो.

बोर्डी : मुले येईनात

बोर्डीला बालवाडी निघाली. ‘बालवाडी’ हा शब्दही ताराबाईंच्याच नावावर आहे. गावातली मुले येऊ लागली; दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले मात्र येईनात.

अशा वेळी शाळेने द्यायचे ठरलेले उत्तर असते : पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही, प्रबोधन केले पाहिजे. सरकारी अहवालांतून हे वाक्य शंभरहून अधिक वर्षे फिरते आहे. बोर्डीत वेगळे घडले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने वस्तीत जावे, असे ठरले. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, नखे काढायची आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. ही अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाटीवर दिसणारा हा शब्द त्या काळी अगदी शब्दशः खरा होता.

शिक्षिकेच्या घडणीच्या दृष्टीने या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी होते. शाळेच्या इमारतीत शिक्षिका यजमान असते आणि मूल पाहुणे. कुठे बसायचे, केव्हा बोलायचे, चपला कुठे काढायच्या, हे नियम तिचे. अंगणात नाते उलटते. तिथे ती पाहुणी. घर मुलाचे, भाषा मुलाची, आणि आजूबाजूला बसून पाहणारी माणसेही मुलाची. वारली मूल घरी वारली बोली बोलते. पुण्या-मुंबईच्या मराठीतली सूचना त्याला कळली नाही, तर इमारतीत त्याला ‘मंद’ ठरवता येते. अंगणात मात्र अडाणी दिसते ती शिक्षिकाच. ‘दुसऱ्याच्या भूमिकेतून पाहा’ असे तोंडी सांगून जे साधत नाही, ते नुसती जागा बदलल्याने रोज दोन तास आपोआप घडू लागते.

व्यवस्थेमागचे प्रश्न

१९५६-५७च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे ‘विकासवाडी’ उभी राहिली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. त्याखेरीज कुरणशाळा आणि रात्रशाळा. बालसेविकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग या सगळ्याच्या मधोमध चालत. या व्यवस्थांची यादी नेहमी कौतुकाने दिली जाते. तिच्याकडे थोडे वेगळ्या रीतीने पाहावे. यातली प्रत्येक व्यवस्था म्हणजे कुणीतरी आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तरावरून प्रश्नाकडे गेलो तर शिक्षिकेला काय पाहायला शिकवले जात होते, ते कळते.

पाळणाघर घेऊ. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण आई कामावर गेली की धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. वर्गातून पाहिले तर ही मुलगी ‘गैरहजर’. घरातून पाहिले तर ती कामावर हजर आहे, आणि ते कामही असे की तिने ते टाकले तर घरचे चाक अडते. भावंडासकट ये, असे म्हणायचे तर भावंडासाठी जागा हवी. पाळणाघर बाळांच्या सोयीसाठी तर होतेच, पण त्याचबरोबर थोरल्या बहिणीच्या हजेरीची ती अट होती.

कुरणशाळेचेही तसेच. गुरे राखणारा मुलगा दिवसभर रानात. त्याला गुरे सोडून या म्हणणे म्हणजे घराच्या पोटावर घाला. तेव्हा शिक्षक कुरणात गेला. गुरे चरताहेत, एक डोळा त्यांच्यावर आहे, आणि झाडाखाली अक्षरओळख चालू आहे. शिक्षकाला इथे घंटेची भाषा विसरावी लागते. तास केव्हा संपणार, हे गुरे ठरवतात.

साहित्याची कथा तर सर्वांत बोलकी आहे. मॉन्टेसरी साहित्य महाग, घोटीव लाकडाचे आणि ठरावीक मापांचे. बोर्डी-कोसबाडला त्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि झावळ्या आल्या. याकडे काटकसर म्हणून पाहिले जाते. काटकसर होतीच, पण त्यामागे आणखीही काही होते. परक्या साहित्यासमोर मूल बुजते आणि शिक्षिका तज्ज्ञ ठरते. शिंपले-बियांच्या बाबतीत मूलच तज्ज्ञ. कोणती बी कोणत्या झाडाची, कोणते पान कशाला चालते, हे त्याला ठाऊक. शिक्षिकेला विचारावे लागते. हे मूल काहीच जाणत नाही, असे म्हणत आलेल्या प्रशिक्षणार्थीला त्याच्याकडे माहितीचा केवढा साठा आहे, हे अशा वेळी दिसते.

मराठीत कलावंताच्या संदर्भात ‘परकायाप्रवेश’ हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. शिक्षकाकडून तशी सिद्धी मागण्याची गरज नाही, आणि ती शक्यही नाही. हुजूरपागेत शिकवलेल्या बाईंना वारली पोराच्या मनात शिरता येईल, असा कोसबाडचा दावा नव्हता. तिथली रीत व्यावहारिक होती. मनात शिरता येत नसले तरी अंगणात जाता येते, वेळ बदलता येते, वस्तू बदलता येतात आणि ‘का येत नाही’ हा प्रश्न आरोपाच्या सुरात न विचारता चौकशीच्या सुरात विचारता येतो. नजर बदलण्याआधी पाय हलवावे लागतात, एवढा हा साधा सिद्धान्त.

गवताचा भाव

या प्रयोगाचे मोल जोखताना त्याच मातीत, त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. पुढे लढा गवत कापणीच्या मजुरीवर आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. बोर्डीचे केंद्र सुरू झाले ते या घटनेनंतर अवघ्या काही आठवड्यांनी.

परुळेकरबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७०मध्ये प्रसिद्ध झाले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा लग्नगडी, पावसाळ्यात उपाशी घराने जमीनदाराकडून उचललेली खावटी, वाटेल तेव्हा पडणारी वेठ, हे सारे त्यांनी झोपड्यांतून राहून पाहिले होते. त्यांचे पुस्तक आणि कोसबाडचे काम शेजारी ठेवून वाचले, की बालवाडीच्या अंगणातून काय दिसते आणि काय दिसणे अवघड असते, हे दोन्ही कळते. भावंड सांभाळणारी मुलगी अंगणातून दिसते. तिच्या आईला कामावर का जावे लागते आणि त्या कामाचा मोबदला काय मिळतो, हे दिसायला अंगण ओलांडून जमीनदाराच्या खळ्यापर्यंत जावे लागते. गुराख्याची शाळा ज्या गवतात भरायची, त्या गवताच्या भावासाठी माणसे मेली होती.

स्वच्छतेचा मुद्दाही असाच दुहेरी आहे. मुलांना न्हाऊमाखू घालण्यात माया होती, आरोग्याची दृष्टी होती. पण स्वच्छता हा संस्काराचा विषय मानला, की पांढरपेशा नजर मागच्या दाराने परत येऊ शकते. पाणी किती लांबून आणावे लागते आणि अंगावर घालायला दुसरे वस्त्र आहे का, हे विचारल्यावरच मळलेल्या मुलाकडे मुलाच्या बाजूने पाहणे सुरू होते. ताराबाई-अनुताईंचे काम या धोक्यापासून बरेच सावरले, कारण त्या टेकडीवर राहायला आल्या आणि राहिल्या. ताराबाईंचे निधन १९७३चे, अनुताईंचे १९९२चे. त्या मुक्कामाने जे शिकवले, ते आठवड्याच्या शिबिराने शिकवता आले नसते. आणि हीच या पद्धतीची अडचणही आहे. दोन माणसांच्या आयुष्यभराच्या मुक्कामाचे रूपांतर अभ्यासक्रमात कसे करायचे?

शब्द गेला, रीत राहिली

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशभर गेला. लसीकरण, पोषण आहार, वजनाच्या नोंदी अशी मोलाची कामे त्याखाली झाली. पण अंगणवाडीचे घर झाले, घराला दार झाले आणि मुलाने तिथे यायचे ठरले. पाहुणी आणि यजमान यांचे उलटलेले नाते पुन्हा सुलटे झाले.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या बाजूलाही एक उशिराचा बदल झाला. २००९च्या राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण आराखड्याने भावी शिक्षकाने स्वतःच्या धारणा तपासाव्यात आणि मुलाला त्याच्या सामाजिक संदर्भात समजून घ्यावे, यावर भर दिला. न्यायमूर्ती वर्मा आयोगानंतर आलेल्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांचा शाळानुभव बंधनकारक झाला. कागदावर हे पाऊल बरोबर दिशेचे आहे. पण आपल्याकडच्या सराव पाठाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पाठाचे टाचण तयार, फलकावर तारीख, मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. प्रशिक्षणार्थीची नजर मुलांच्या डोक्यांवरून थेट मागच्या बाकाकडे जाते. इन्स्पेक्टरच्या काळातली ती जुनीच नजर. वीस आठवड्यांतले निदान दोन आठवडे तिने शिकवू नये आणि गैरहजर मुलांच्या घरी जाऊन ती त्या वेळी काय करीत असतात एवढेच लिहून आणावे, असे कुणी ठरवले तर खर्च फारसा येणार नाही. कोसबाडचा सारा अभ्यासक्रम त्या एका वहीत सुरू होऊ शकतो.

आता पुन्हा फुल्यांकडे येऊ. नजर प्रशिक्षणाने देता येते का, या प्रश्नाला कोसबाडचे उत्तर ‘बऱ्याच अंशी होय’ असे आहे. मात्र त्यासाठी शिक्षकाने जागा बदलली पाहिजे, आणि पुरेसा काळ बदललेली ठेवली पाहिजे. या उत्तराने फुल्यांची मागणी मात्र रद्द होत नाही. त्या वस्तीत जन्मलेल्या बाईला जे न विचारता कळते, ते बाहेरच्या बाईला कितीही वर्षे राहून थोडे उणेच कळणार. तेव्हा दोन्ही हवे : बाहेरच्यांना पाहायला शिकवणे आणि आतल्यांना शिक्षक करणे.

यातली दुसरी गोष्ट सरकारने अंगणवाडीत केली, असे दिसते. सेविका स्थानिक असावी, हा नियम आहे आणि त्या नियमामुळे हजारो वस्त्यांत मुलाची बोली बोलणारी बाई त्याची पहिली शिक्षिका झाली. फुल्यांना हे आवडले असते. मात्र त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग सरकारने वाचला नाही. शेतकरी वर्गातला शिक्षक हवा म्हणताना फुल्यांनी त्याच्या प्रशिक्षणाचा आणि पगाराचाही आकडा मांडला होता. दहा रुपयांच्या जागी बारा, पंधरा, वीस. अंगणवाडी सेविकेला मात्र जे मिळत आले त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. जिला मुलाच्या जागेवरून आपसूक दिसते, तिलाच आपण शिक्षकांच्या उतरंडीत सर्वांत खाली बसवले. भावी शिक्षकांना दुसऱ्याच्या बाजूने पाहायला शिकवू इच्छिणाऱ्या व्यवस्थेने आरंभ या सेविकेच्या बाजूने पाहण्यापासून करावा. १८८२चे ते निवेदन त्यासाठी आजही पुरेसे आहे.